ताई शिकागोहून येतेय, दोन लिटरची मुभा आहे : बर्बन कोणती आणि जोडीला स्कॉच कोणती?

पेठकर (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवा आहे. ताई पुढच्या महिन्यात शिकागोहून पुण्याला येतेय आणि "काय आणू तुला?" म्हणून विचारतेय. माणशी दोन लिटर आणता येतात, तेवढे पुरेपूर वापरायचे आहेत.

आजवर माझं पिणं सगळं स्कॉचचं. सुरुवात ब्लॅक लेबलने, मग ग्लेनफिडिक १२, ग्लेनलिव्हेट १२. अलीकडे टॅलिस्कर १० घेतली आणि तिच्यावर जीव जडला. बर्बन (अमेरिकेची मक्याची व्हिस्की) म्हणाल तर जिम बीमचं पांढरं लेबल तेवढं ओळखीचं, आणि जॅक डॅनियल्स (ती बर्बनमध्ये धरायची की नाही, तेही सांगा). दोन्ही गोड वाटल्या.

प्रश्न असे :
स्कॉचची सवय असलेल्या जिभेला पटेल अशी बर्बन कोणती?
आणि दुसरं, आमच्या कट्ट्यावर ठाम मत आहे की बर्बन म्हणजे चार-सहा वर्षांचं पोर, १२ वर्षांच्या सिंगल माल्टपुढे (एकाच डिस्टिलरीची, नुसत्या जवाची स्कॉच) तिची काय मातब्बरी. मग बाटलीवरचा वर्षांचा आकडा बघायचा की नाही?

बजेट सगळं मिळून शंभर डॉलर, फार तर थोडं वर.

धूरकट

टॅलिस्कर आवडली म्हणताय ना, मग तुमची वाट स्कॉटलंडच्या आयला बेटाकडे जाते. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लॅफ्रोइग, लागावुलिन आणि आर्डबेग अशा तीन डिस्टिलऱ्या एका रस्त्यावर आहेत, एकीकडून दुसरीकडे चालत जाता येतं. टॅलिस्करमध्ये धूर आणि मिरी आहे. इथे धुराबरोबर आयोडीन, शेवाळ, डांबर आणि खारा वारा.

माझं मत : आर्डबेग १० आणायला सांगा. ४६ टक्के अल्कोहोल, थंड करून गाळलेली नाही, वरून रंग घातलेला नाही. उरलेल्या पैशांत एखादी बर्बन चाखायला म्हणून ठीक आहे, पण दोन लिटरची मुभा मक्याच्या गोड दारूवर घालवू नका.

लुईव्हिलकर

धूरकट, आर्डबेगबद्दल माझं दुमत नाही, माझ्या कपाटात ती कायम असते. पण ती पुण्या-मुंबईच्या चांगल्या दुकानांतही मिळते. शिकागोहून येणाऱ्या माणसाकडून शिकागोतच जे रास्त भावात मिळतं ते मागवावं. बर्बनचं माहेर असलेल्या केंटकीतल्या मधल्या फळीच्या बाटल्या तिथे ज्या भावात मिळतात तो भाव पुण्यात स्वप्नातही दिसणार नाही.

आता वयाचं बघू, कारण पेठकरांच्या कट्ट्याचं मत माझ्या अगदी जिव्हाळ्याच्या ठिकाणी लागलंय.

स्कॉचला कायद्याने किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात काढावी लागतात. पण ते पिंप आधी वापरलेलं चालतं, आणि जवळजवळ नेहमी वापरलेलंच असतं. बर्बनचं उलट. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि पिंप नवंकोरं, आतून जाळलेलं हवं. एकदा बर्बन काढली की त्या पिंपात पुन्हा बर्बन भरता येत नाही. पहिल्या उकळीला चहापत्ती जेवढा रंग आणि कडकपणा देते तेवढा दुसऱ्या-तिसऱ्या उकळीला देत नाही, तसंच पिंपाचं. व्हॅनिला, जळक्या साखरेचा कडवटगोडपणा, सुक्या खोबऱ्याचा वास हे सगळं अमेरिकन पांढऱ्या ओकमधून येतं, आणि त्याचा मोठा वाटा पहिल्याच भरणीत निघून जातो. स्कॉच पुढे त्याच पिंपात बारा-पंधरा वर्षं बसते ती उरलेलं हळूहळू मिळवायला.

दुसरी गोष्ट हवेची. आमच्याकडे केंटकीत जुलैत पारा ३५ च्या आसपास जातो आणि जानेवारीत शून्याखाली. गोदामं उंच, लाकडी चौकटींची, आत पिंपांच्या रांगा मजल्यावर मजले, आणि बहुतेक ठिकाणी आतली हवा बाहेरच्या हवेबरोबर तापते, निवते. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत आकसून बाहेर येते. दर वर्षी साधारण चार टक्के उडून जाते. स्कॉटलंडात हाच आकडा दोन टक्क्यांच्या आसपास. शिवाय वरच्या मजल्यांवर हवा कोरडी आणि गरम, त्यामुळे अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडतं आणि बर्बन वर्षागणिक *कडक* होत जाते. स्कॉटलंडच्या दमट गोदामात नेमकं उलट, टक्केवारी खाली येते.

म्हणून केंटकीतली ६ ते १० वर्षं म्हणजे भरवयाची बर्बन. पंधराच्या पुढे गेलेल्या अनेक बाटल्या मला कडवट आणि कोरड्या लागल्या आहेत, लाकूड सगळ्यावर बसलेलं. दोन देशांचे वर्षांचे आकडे एका पट्टीने मोजू नयेत, एवढंच तुमच्या कट्ट्याला सांगा.

गोदामं बघायला आलात तर भिंतींकडे आणि आसपासच्या झाडांच्या बुंध्यांकडे बघा. काजळी फासल्यासारखे काळेकुट्ट असतात. ती बुरशी आहे, उडून गेलेल्या अल्कोहोलवर जगणारी. पूर्वी सरकारी माणसं चोरट्या भट्ट्या शोधायला हाच काळेपणा बघायची असं इथले जुने लोक सांगतात.

शिफारशी रात्री लिहितो, आता कामावर निघतोय.

रानजाई

वाचनखूण साठवली. लुईव्हिलकर, लवकर या.

तोवर पेठकरांना एक विचारते : जिम बीम गोड वाटली ती कशी प्यायलात? कोकबरोबर किंवा बर्फ ठासून घेतली असेल तर बर्बनबद्दल काहीच कळलेलं नाही. ४० टक्क्यांची पातळ बर्बन, वर बर्फ, म्हणजे वास बंद आणि गोडवा तेवढा उरला. बर्बनला ४५ ते ५० टक्क्यांवर भेटावं, नीट (पाणी-बर्फ काही न घालता), साध्या निमुळत्या ग्लासात, आणि दहा मिनिटं नुसती ठेवून.

पेठकर

कोकबरोबरच, आणि एकदा सोड्याबरोबर. नीट कधीच नाही.

क्लाइडकाठ

ग्लासगोहून माझे दोन पैसे.

लुईव्हिलकरांनी पिंपांचं सांगितलं त्याचा पुढचा अंक आमच्याकडे घडतो. केंटकीत एकदा वापरलेली ती लाखो पिंपं जातात कुठे? मोठ्या संख्येने स्कॉटलंडात. अमेरिकन पिंप साधारण २०० लिटरचं असतं. काही अख्खी येतात, काहींच्या फळ्या सुट्या करून इथे जोडतात, जास्तीच्या फळ्या घालून २५० लिटरचं हॉग्जहेड करतात. क्रेगेलाकीला पिंपं बांधणाऱ्यांचा मोठा कारखाना आहे, वरच्या गॅलरीतून काम बघता येतं. कारागीर मापाची पट्टी न लावता फळी उचलतो, नजरेने जोखतो, बाजूला टाकतो किंवा कड्यात बसवतो. सगळा हॉल हातोड्याच्या ठोक्यांनी दणाणत असतो.

म्हणजे पेठकरांनी ग्लेनलिव्हेटमध्ये जो व्हॅनिला चाखला त्यात बर्बनच्या पिंपांचा हात आहेच. बर्बन तुम्ही पहिल्यांदा पिणार असलात तरी तिची ओळख जिभेला केव्हाच झालेली आहे.

शेरीच्या (स्पेनची कडक वाइन) पिंपांचं प्रकरण वेगळं. पूर्वी शेरी पिंपांतून ब्रिटनला यायची, रिकामी पिंपं इथे स्वस्तात मिळायची. १९८० च्या दशकात स्पेनने शेरी तिथेच बाटलीबंद करण्याची सक्ती केली आणि तो ओघ आटला. आता बोदेगांकडून (शेरी करणाऱ्या घरांकडून) पिंपं खास व्हिस्कीसाठी शेरी मुरवून तयार करून घेतात. शेरीच्या माल्ट महाग असण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

धूरकट

लुईव्हिलकर, वयाचं पटलं. पण माझा मूळ आक्षेप तिथेच आहे. सगळ्यांना नवं जाळलेलं पिंप सक्तीचं, सगळ्यांचा मका ५१ टक्क्यांच्या वर, म्हणजे चव येऊन जाऊन एकाच अंगणात फिरणार. स्कॉटलंडात क्लायनेलिश १४ घ्या, मेणचट, जवळजवळ मेणबत्तीचा वास. स्प्रिंगबँक १० घ्या, थोडा धूर, थोडं मीठ, तेलकट. ग्लेनड्रोनक १२ घ्या, मनुका आणि खजूर. एका देशात तीन वेगळी जगं. बर्बनमध्ये हा पल्ला कुठे आहे?

लुईव्हिलकर

आलो.

धूरकट, पल्ला स्कॉचचा मोठा आहे, हे मी कुणापुढेही म्हणेन. बर्बनमधले फरक बारीक आहेत आणि ते कळायला दोन बाटल्या शेजारी ठेवाव्या लागतात. पण ते आहेत, आणि कुठून येतात ते बघा.

एक, धान्य. मक्याबरोबर थोडं सातू (जव) असतंच. तिसरं धान्य राई (गव्हासारखं rye, मोहरी नव्हे) असेल तर चव मिरी, लवंग, पुदिन्याकडे जाते. राईऐवजी गहू असेल तर मऊ, गोड, पावाच्या कडेसारखी. मेकर्स मार्कमध्ये मका ७०, गहू १६, सातू १४ टक्के. वाइल्ड टर्कीत मका ७५, राई १३, सातू १२. फोर रोझेसच्या एका मिश्रणात राई ३५ टक्के आहे, बर्बनच्या हिशेबात हे फार झालं.

दोन, यीस्ट. फोर रोझेस दोन धान्यमिश्रणं आणि पाच यीस्ट वापरते, म्हणजे एका छपराखाली दहा वेगळ्या बर्बन तयार होतात. काही फळांकडे झुकतात, काही फुलांकडे, काही मसाल्यांकडे. या कंपनीची कहाणीही सांगण्याजोगी आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तिच्या त्या वेळच्या मालकांनी, सीग्रॅमने, अमेरिकेत तिची अस्सल बर्बन विकणंच बंद केलं. इथे त्याच नावाची हलकी मिश्र व्हिस्की खपवली आणि खरा माल जपान-युरोपला पाठवला. २००२ मध्ये जपानच्या किरिनने ती घेतली आणि अस्सल बर्बन पुन्हा केंटकीच्या दुकानांत आली. तिथल्या जुन्या लोकांसाठी हे घरचं माणूस परत येण्यासारखं होतं.

तीन, पिंपात भरताना किती टक्के आणि पिंप किती जाळलेलं. कायदा म्हणतो ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. वाइल्ड टर्की त्याहून कमीवर भरते आणि पिंप सगळ्यात खोल जाळते, मगरीच्या पाठीसारखं लाकूड उकलेपर्यंत. कमीवर भरलं की बाटलीत घालताना पाणी कमी मिसळावं लागतं, चव दाट राहते. तिथले दारू गाळणारे उस्ताद जिमी रसेल १९५४ पासून आहेत, मुलगा एडी १९८१ पासून. फॅशन बदलल्या, हलक्या दारूची लाट आली-गेली, त्यांनी चवीला फारसा हात लावला नाही.

आता पेठकरांसाठी :

*फोर रोझेस सिंगल बॅरल.* ५० टक्के, राई भरपूर. टॅलिस्करची मिरी आवडणाऱ्याला माझी पहिली शिफारस हीच. पिकलेलं पेअर, लवंग, दालचिनी, शेवट लांब आणि कोरडा. गोडव्याची तक्रार राहणार नाही.

*वाइल्ड टर्की १०१.* ५०.५ टक्के. काकवी, संत्र्याची साल, जाळलेलं लाकूड. पैशाच्या मानाने इतकी दणकट बर्बन दुसरी नाही.

*एलायजा क्रेग स्मॉल बॅच.* ४७ टक्के. शेरीच्या माल्टवरून येणाऱ्यांना बरी पडते. पूर्वी हिच्यावर १२ वर्षांचा आकडा असायचा, २०१६ मध्ये काढला.

*इव्हन विल्यम्स बॉटल्ड-इन-बाँड,* पांढरं लेबल. सगळ्यात स्वस्त, ५० टक्के.

लेबलवर 'बॉटल्ड-इन-बाँड' दिसलं की समजून जा. हा १८९७ चा कायदा. त्या काळी दलाल लोक कोऱ्या स्पिरिटमध्ये तंबाखूचं पाणी आणि काय काय घालून व्हिस्की म्हणून विकायचे. कायद्याने शिक्का दिला : एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला माल, किमान ४ वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात आणि बरोब्बर ५० टक्क्यांवर बाटलीबंद. आजही तेच नियम. 'स्ट्रेट' म्हणजे किमान २ वर्षं, आणि ४ पेक्षा कमी असेल तर वय छापणं बंधनकारक. रंग घालायला बंदी. स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे हे लक्षात ठेवा, गडद रंग बघून भुलू नका.

जॅक डॅनियल्स : टेनेसीची. पिंपात भरण्याआधी साखर-मेपलच्या कोळशातून गाळतात, आणि ते लोक स्वतः तिला टेनेसी व्हिस्कीच म्हणतात.

मुळामुठा

ब्लँटन्स राहिली की! घोड्याचं बूच असलेली. ताईला ती शोधायला सांगा, आयुष्यभराचा ठेवा.

लुईव्हिलकर

मुळामुठा, ब्लँटन्स १९८४ ची, एल्मर ली यांनी बाजारात आणलेली पहिली गाजलेली सिंगल बॅरल बर्बन, त्या अर्थाने मान आहेच. पण आज दुकानात छापील भावाला मिळत नाही. दुकानदार ती कडीकुलपात ठेवतात आणि भाव फुगवून काढतात. ताईंचे सुट्टीआधीचे चार दिवस त्या घोड्यामागे जाऊ देऊ नका. फोर रोझेस सिंगल बॅरल चवीला तिच्या खांद्याला खांदा लावते आणि नेहमी शेल्फवर असते.

पॅपी व्हॅन विंकलचा (तीही अशीच हाती न लागणारी बर्बन) विषय कृपया काढू नये.

रानजाई

लुईव्हिलकरांच्या यादीत मेकर्स मार्क नाही, तिची बाजू मी घेते.

पेठकर, समजा तुम्हाला बर्बन आणि स्कॉच यांचं नातं एका बैठकीत, जिभेवर बघायचं आहे. तर मेकर्स मार्क आणि लॅफ्रोइग १० शेजारी ठेवा. लॅफ्रोइगसाठी मेकर्सचीच रिकामी पिंपं वापरतात, आणि आज दोन्ही घरं सन्टोरीच्या मालकीची. आधी मेकर्सचा वास घ्या : व्हॅनिला, मध, गव्हाच्या पावाची कड. मग लॅफ्रोइग. पहिल्यांदा जुन्या दवाखान्यातलं बँडेज आणि धूर अंगावर येतो, तिथे थांबू नका. ग्लास खाली ठेवा, पाच मिनिटांनी पुन्हा उचला. धुराच्या खाली गोडसर व्हॅनिला बसलेला सापडतो. तो मेकर्सचा. मी हे कधीही कुणाबरोबर केलं की समोरचा माणूस मान वर करून बघतोच.

मेकर्स ४५ टक्के आहे आणि ती तशी राहिली ते पिणाऱ्यांमुळे. २०१३ च्या फेब्रुवारीत कंपनीने साठा पुरत नाही म्हणून ४२ वर आणायचं जाहीर केलं. लोकांनी इतका ओरडा केला की काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. मला हा प्रसंग फार आवडतो. तीन टक्के पाण्यासाठी माणसं हट्टाला पेटली.

धूरकट

रानजाई, ही जोडी झकास सुचवलीत. लॅफ्रोइगबद्दल तर मी रात्रभर लिहीन. जव भिजवून जमिनीवर पसरायचे, फावड्याने परतायचे आणि मग पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींचं जळण) धुरावर वाळवायचे, हे काम ते अजून काही प्रमाणात स्वतःच्या माळ्यावर करतात. बाकीचे बहुतेक जण तयार माल्ट विकत घेतात. आयलाचं पीट वेगळं, त्यात झाडांचं लाकूड कमी आणि शेवाळ-गवत जास्त, म्हणून धुराला तो औषधी वास. लॅफ्रोइगच्या मित्रमंडळात नाव नोंदवलं की डिस्टिलरीजवळची एक चौरस फूट जमीन तुमच्या नावाने राखून ठेवतात. माझीही आहे. कधीतरी जाऊन तिच्यावर उभं राहायचं आहे.

बाकी धुरातच राहायचं म्हणून हट्ट नाही. आयलावर बुनाहाव्हन १२ आहे, तिच्यात पीट जवळजवळ नाहीच. ४६.३ टक्के, शेरीचा गोडवा आणि किंचित मीठ. पेठकरांनी पुढेमागे ती घ्यावी.

क्लाइडकाठ

बुनाहाव्हनला अनुमोदन. तिच्याच घराण्यातली डीन्स्टन १२ सुद्धा बघा, हीही ४६.३. ही डिस्टिलरी टीथ नदीवरच्या जुन्या कापडगिरणीत आहे. गिरणी १७८५ ची. १९६० च्या दशकात ती बंद पडली आणि तिथे तांब्याची भांडी बसवली. कापड विणायच्या जुन्या कमानदार, थंड जागेत आज पिंपं मुरतात. गिरणगावातल्या चाळीत वाढलेल्या माझ्यासारख्याला तिथे उभं राहून भरून येतं. गिरणी बंद पडली आणि गावाच्या हाताला दुसरं काम मिळालं. आमच्या लालबाग-परळच्या वाट्याला हे आलं नाही.

चव : मध, मेणाचा पापुद्रा, आल्याची हलकी झणझण. ग्लेनलिव्हेट आवडणाऱ्याला एक पायरी वर जायचं तर हीच.

४६ टक्के पुन्हा पुन्हा का येतंय ते सांगतो. त्याखाली व्हिस्की थंड झाली किंवा पाणी पडलं की धूसर होते, कारण काही तेलकट, चवदार घटक विरघळलेले राहत नाहीत. दुकानात ती गढूळ दिसू नये म्हणून कंपन्या थंड करून गाळतात, आणि त्यात थोडी चव आणि तोंडातला दाटपणा जातो. ४६ वर ही भानगड करावी लागत नाही. स्कॉचच्या लेबलावर मी आधी ही टक्केवारी बघतो, मग पिंप कोणतं, मग वय.

मांडवी

गोव्यातून एक भर. लुईव्हिलकरांचा हवेचा मुद्दा घरच्या घरी तपासायचा असेल तर पॉल जॉन घ्या. आमच्या कुंकळ्ळीला मुरते, बर्बनच्या पिंपांत. इथला उष्मा आणि दमटपणा असा की स्कॉटलंडच्या कितीतरी पट दारू हवेत जाते. म्हणून नेहमीच्या बाटल्यांवर वयाचा आकडाच नसतो. पाच-सहा वर्षांत ती तयार असते. ब्रिलियन्स बिनधुराची, एडिटेडमध्ये थोडं पीट, बोल्डमध्ये भरपूर, तिन्ही ४६ टक्के. केंटकीतल्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीच्या मालकांनी, सॅझरॅकने, हिच्यात भागभांडवलही घेतलेलं आहे. केंटकीचा हात गोव्यापर्यंत आलाय तो असा.

आणि बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये ग्लासगोतच आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा विकायला काढली होती. क्लाइडकाठ, तुमच्या गावात! केवढी हिंमत म्हणायची.

मुळामुठा

पाणी घालावं का? इथे प्रत्येक जण वेगळं सांगतो.

रानजाई

घालावं, थेंबाथेंबाने. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी संगणकावर हे तपासलं. ग्वायकॉल, म्हणजे धुराच्या वासातला एक मुख्य घटक, जास्त अल्कोहोल असेल तर आत दडून राहतो आणि पाणी घालून ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आणलं की पृष्ठभागाकडे येतो. वास तिथूनच नाकात जातो. त्यामुळे ५० टक्क्यांच्या वरच्या बाटलीला पाण्याचा चमचा, ४० वाल्यांना काही नको. साधं, खोलीच्या तापमानाचं, क्षारांची चव नसलेलं पाणी. पुण्याच्या बोअरचं नको.

चखण्याला तिखट फरसाण ठेवू नका एवढीच विनंती. भाजलेले बदाम, फार तर खारे काजू.

लुईव्हिलकर

आणण्याबद्दल व्यवहाराचं :

बाटल्या सामानाच्या बॅगेत टाका, सीलबंद, कपड्यांत गुंडाळून. २४ ते ७० टक्क्यांमधली दारू माणशी ५ लिटरपर्यंत विमान चालवू देतं, पण भारतात विनाशुल्क २ लिटरच. अमेरिकेत नेहमीची बाटली ७५० मिलीची. दोन घेतल्या तर दीड लिटर, अर्धा लिटर वाया. वर ३७५ मिलीची अर्धी बाटली बसते, एकूण १८७५. १.७५ लिटरचा मोठा खंबाही मिळतो, पण मग एकच चव.

क्लाइडकाठ

आणि स्कॉच पुढे स्वस्त होण्याची आशा आहे, म्हणूनही बर्बनवर मुभा वापरा. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्के केलं. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या ब्रिटनबरोबरच्या करारात स्कॉचचं १५० वरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. राज्याचं उत्पादन शुल्क त्यावर वेगळं, त्यामुळे दुकानातला भाव एवढा खाली येईल असं धरू नका.

पेठकर

मंडळी, एवढं भरभरून लिहिलंत, मनापासून आभार. कट्ट्यावर हा धागा वाचून दाखवला. वयाच्या आकड्यावर आता तिथेच दोन तट पडलेत.

ठरलं ते असं : फोर रोझेस सिंगल बॅरल ७५० मिली, वाइल्ड टर्की १०१ ची ७५० मिली, आणि मेकर्स मार्कची ३७५ वाली अर्धी. ताईने बघून सांगितलं, तिन्ही बजेटमध्ये बसतायत. लॅफ्रोइग १० मी इथेच घेतो. धूरकट, नाराज होऊ नका, आर्डबेग दिवाळीला.

शेवटची शंका. चारही एका संध्याकाळी उघडल्या तर क्रम काय ठेवू? आणि उघडलेल्या बाटल्या किती टिकतील?

धूरकट

नाराज कशाला, लॅफ्रोइग घेताय म्हणजे माझं काम झालंच.

रानजाई

मेकर्स पहिली, मग फोर रोझेस, मग टर्की. गव्हाची मऊ बर्बन राईच्या मिरीनंतर घेतली तर फिकी लागते. मग जेवून घ्या. लॅफ्रोइग सगळ्यात शेवटी, कारण एकदा धूर जिभेवर बसला की बाकी काही कळत नाही. मेकर्सचा थोडा घोट ग्लासात झाकून ठेवा, लॅफ्रोइगच्या शेजारी वास घ्यायला लागेल. प्रत्येकी पंधरा-वीस मिलीच ओता, चार पेग नव्हेत, आणि घरी जाणाऱ्यांनी गाडी आणू नये.

बाटल्या उभ्या ठेवा, आडव्या नाही, बूच दारूत भिजलं की कुजतं. फ्रिजवर किंवा खिडकीपाशी नकोत, पुण्याच्या एप्रिलात कपाटाचा खालचा खण बरा. अर्ध्याच्या वर भरलेली असेल तर वर्षभर काही होत नाही. तळाला आली की दोन-तीन महिन्यांत संपवा. मेकर्सची अर्धी आधी जाईल, तिची काळजीच नको.